मधेच बंद करू नका

सोमवार
लेकीकडे राहायला आलो. खोली ऐसपैस, खिडकीत ऊन, गादी नवी. आता परत जायचं नाव काढायचं नाही, असा दम तिनं दारातच दिला. बरं वाटलं. जावई गेल्यापासून ती एकटीच आहे. माझ्या खोलीच्या कोपऱ्यात त्याचा जुना कॉम्प्युटर आहे, गुडघ्याएवढी काळी पेटी. त्याचे सगळे फोटो तिच्यातच, दुसरीकडे एकही नाही. पण हार्ड डिस्क बिघडलीय. मधेच टक् टक् करते आणि पडदा गोठतो. तापते तरी किती! आग लागली म्हणजे?

मंगळवार
दुरुस्तीवाला आला. वायर बदलून पाहिली, पंख्यातली धूळ काढली, फरक पडला नाही. डिस्कवर खराब जागा पडल्यात म्हणे. जमेल तेवढं वाचून नव्या डिस्कवर उतरवायचं, वेळ लागेल, पण मधेच बंद करायचं नाही. नाहीतर ना इथलं राहील ना तिथलं. याला तो रिकव्हरी म्हणाला. मी पतपेढीत शिपाई होतो. आमच्याकडे रिकव्हरी म्हणजे वसुली, लोकांच्या घरातून वस्तू उचलून आणायची. हे ऐकून दोघंही हसली. इथं उलट आहे अप्पा, इथं परत मिळतं, असं लेक म्हणाली. त्या माणसाचं हसणं मला काही पटलं नाही.

बुधवार
काही फोटो उतरले. एकात जावई कॉलेजातला, लग्नाच्या कितीतरी आधीचा, बाकावर एकटाच. आणि मागे लेक उभी! अंगात कालचाच हिरवा स्वेटर, बाहीवर माझ्यादेखत सांडलेल्या चहाचा डाग. दुरुस्तीवाल्याचीच चलाखी असणार. फोन लावला. आजोबा, मी फोटोंना हातही लावलेला नाही, म्हणाला. फारच साळसूद आवाज. लेक मात्र पडद्यापुढून हलेना.

गुरुवार
लेक जेवायला वाढत होती. आत डिस्क टक् टक् करू लागली, आणि तिच्या हातातला डाव हवेतच राहिला. डोळे उघडे, पापणी हलेना. डिस्क पुन्हा फिरू लागली तेव्हा अर्धवट राहिलेला शब्द तिनं पुरा केला. तिला काही कळलं नाही. की मला कळू दिलं नाही?

शुक्रवार
आता प्रत्येक फोटोत ती आहे. इथं मात्र — हात धरला तर रिकाम्या बाहीसारखा. मी स्विचकडे धावलो. तिनं वाट अडवली. रडत नव्हती.
"अप्पा, तो भेटलाय मला. अर्धी तिकडे गेलेय मी. मधेच बंद केलंत तर कुठलीच राहणार नाही."

शनिवार
हाक मारली. ओ आली, पेटीतून. पलंगावर नुसता स्वेटर.

दुरुस्तीवाला फोन उचलत नाही —

पडद्यावर दोघं जेवायला बसलीत. तिसरी खुर्ची ओढून ती म्हणतेय, बसा ना अप्पा —

नको पोरी. बंद केलं तर तू जाशील. नाही केलं तर —

पुन्हा टक् टक्. उजवा हात स्विचवर ठेवलाय, डाव्यानं लिहितोय. उजवा हलत नाही. डावाही अड