स्वयंपाकघराचं शटडाऊन

मानकापूर, नागपूर

रा. रा. देवरावभाऊ,

काटोलच्या संत्राबागेस आणि बागेच्या मालकास त्यांच्या धाकट्या बहिणीच्या यजमानांचा रामराम. आपली तब्येत, वहिनींचा गुडघा आणि यंदाचा मृगबहार सगळं ठीक असावं. इकडे आम्ही खुशाल आहोत. नुसते खुशाल नाही, विजयी आहोत, आणि तो विजय आपल्याला सांगितल्याशिवाय मला जेवण पचायचं नाही.

उन्नतीनं (आमची नात, नुकती रांगायला लागली आहे) तान्ह्या पोळ्याला पहिला लाकडी नंदी आमच्या अंगणात ओढावा, एवढीच आम्हा दोघांची इच्छा. पण सूनबाई मयुरानं पुण्याहून अट घातली, की स्वयंपाकघरात झुरळ दिसलं तरी ती येणार नाही आणि औषधाचा वास आला तरी येणार नाही. पोरगी हाताला लागेल ते आधी तोंडात घालते, असं तिचं म्हणणं. (म्हणजे झुरळं ठेवली तर नात नाही, मारली तरी नात नाही.) मला रात्रंदिवस तोच घोर लागला.

तेवढ्यात आपली मदत येऊन पोचली. बागेत फवारायचं औषध, कोल्ड्रिंकच्या बाटलीत, वर नाव नाही, गाव नाही. फोनवर आपण मला म्हणालात, "जवाई, चार थेंब शिंपडा, झुरळाचा खानदान साफ होते." हे पार्वतीला सांगण्याआधी मी आंघोळीला गेलो आणि शेजारच्या शोभाताई आल्या. "भाऊनं पाठोली म्हंजे संत्र्याचा रसच असन," म्हणत आपल्या बहिणीनं पेले मांडले. झाकण फिरवताच असा भपका सुटला की शोभाताई नाकाला पदर लावून पायऱ्या उतरल्या, आणि गटारसुद्धा आवडीनं हुंगणारा आमचा भुऱ्या कुत्रा दिवाणाखाली शिरला. वासानं सगळे वाचले. पण भाऊ, तिथे उन्नती असती तर? त्याच क्षणी माझ्यातला कोराडीचा निवृत्त शिफ्ट इन्चार्ज जागा झाला.

वीज केंद्रात यंत्र दुरुस्तीला घेतलं की आधी परमिट, मग लाल पाटी, आणि ज्याच्या नावाची पाटी त्यानंच ती काढायची. मी स्वयंपाकघराचं शटडाऊन जाहीर केलं. दारावर लाल पाटी लावली, 'काम चालू आहे, आत जाऊ नये'. पार्वतीला चहासाठी परमिट घ्यायला सांगितलं, तर म्हणाली, "माह्याच सैपाकघरात मले परमिट? काहून जी? मंग चाय बी तुमचं परमिटच देईन!" (चहा मी टपरीवर घेतला.) भुऱ्याची रवानगी त्याच्या ताटलीसकट शोभाताईंकडे केली. एक पाटी त्याच्याही गळ्यात अडकवली, तेव्हापासून गल्लीतली पोरं त्याला 'काम चालू' म्हणून हाका मारतात.

फवारा मारायचाच नाही, असं ठरवलं. सदर बाजारातल्या दुकानातून झुरळं मारायची सीलबंद जेल आणली. पाकिटावरचं बारीक अक्षर भिंगातून वाचलं, दुकानदारालाही वाचून दाखवलं (त्यानं दुसरं गिऱ्हाईक पाहिलं). घरी डबे हलवले, ओटा घासला, भेगा पांढऱ्या सिमेंटनं बुजवल्या. मग बाळाचं बोट आणि कुत्र्याची जीभ पोचणार नाही अशा ठिकाणी, वरच्या कपाटांच्या बिजागऱ्यांमागे, मोहरीएवढे ठिपके दिले आणि साबणानं हात धुतले. उरलेली जेल तिच्याच खोक्यात घालून कुलपात ठेवली.

मयुरा आली ती थेट गुडघ्यांवर! लेकीच्या उंचीवरून बघते म्हणाली, आणि उन्नतीच्या मागोमाग सगळं घर रांगली. सिंकखाली पाहिलं, फ्रिजमागे पाहिलं. मी निकालाला आलेल्या पोरासारखा भिंतीला चिकटून उभा. शेवटी उठली आणि म्हणाली, "बाबा, माझ्या घरापेक्षा हे घर सेफ आहे. हिला महिनाभर इथेच ठेवू का?" भाऊ, कोराडीतून निवृत्त होताना हार पडले तेव्हाही मी रडलो नव्हतो. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी मिरवणुकीत मारबतीच्या पुतळ्यापुढे "झुरळं, ढेकणं घेऊन जा गे मारबत!" असा ओरडलो की घसा बसला, आणि संध्याकाळी उन्नतीनं नंदीची दोरी ओढली. (नंतर नंदीही चाटला. बिनरंगाचा घेतला होता.)

वहिनींना नमस्कार.

आपला विजयी,
मारोतराव

ता. क. आपली बाटली मोरीत ओतता येत नाही, कचऱ्यात टाकता येत नाही, म्हणून लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात बंद आहे. माल आपला, म्हणून लाल पाटी आपल्या नावाची. नियमानं ती आपणच काढायची. किल्ली सोबत पाठवतो आहे, दुसरी किल्ली नाही. (ही युक्ती माझीच.) तेव्हा या आणि बाटली घेऊन जा.

आणखी ता. क. (हे मी, पार्वती, लिहून राह्यली.) भाऊ, भेगा म्या बुजवल्या, हे नुसते सिमेंट कालवत होते. किल्ली पाठवाची युक्तीबी माहीच होय. पोस्टानं राखी पाठोली का तू पोस्टानंच साडी पाठवतं, दोन सालापासून तोंड नाई दाखोलं. यंदाची राखी म्या पाठोलीच नाई. त्याच कपाटात, खालच्या खणात ठेवली हाये. आता पायते मी, कसा येत नाईस ते.