कुडव्याच्या गोदीतलं जहाज

१५ जून, सकाळ
आजपासून जहाज. निर्णय पक्का. लाकडी मॉडेल, मालवाहू, बल्क कॅरियर. कुडव्याच्या घरात समोरच्या खोलीतला दिवाण बाहेर काढला आणि तिथे टेबल लावलं. सुखवंता म्हणाली, पाहुणे बसतील कुठे? म्हटलं, उभे राहतील. तेव्हापासून स्वयंपाकघरात भांडी आपटणं सुरू आहे. बायकोला छंद समजत नाही, मग भांड्यांवर राग निघतो.

शेजारचा भैयालाल विचारून गेला, गोंदियात समुद्र कुठाय? मूर्ख. पाटबंधारे खात्यात उभा जन्म गेला माझा. पाण्याची नस ओळखणाऱ्या माणसाने रिटायर झाल्यावर काय लुडो खेळायचा?

एक गोष्ट इथे स्पष्ट लिहून ठेवतो. याच्याशी खुमेंद्रचा काहीही संबंध नाही. माझा मुलगा जहाजावर इंजिनमध्ये नोकरी करतो हा योगायोग आहे. दोन वर्षांपूर्वी त्याला सांगितलं होतं, आमगावची शेती सोडून समुद्रात जायचं असेल तर माझ्याशी बोलू नकोस. तो गेला आणि बोलत नाही. बाकी एक गोष्ट ऐकली नाही आयुष्यात, हीच बरी ऐकली!

१८ जून
नमुना मिळाला. खुमेंद्रच्या डीपीवर त्याच्या जहाजाचा फोटो आहे. सुखवंता आंघोळीला गेली तेव्हा तिच्या फोनवरून माझ्या फोनवर घेतला. माझ्याकडे त्याचा नंबर सेव्ह नाही. पाठ आहे, ते वेगळं.

२४ जून
यूट्यूबवाल्या गोऱ्याचा संताप आला. तो म्हणतो, पहिलं मॉडेल किट आणून करा. म्हणजे दुसऱ्याने कापलेले तुकडे चिकटवायचे? मी अस्सल सागवान वापरणार. जुन्या चौकटीची फळी माळ्यावर आहे.

३० जून
स्केल एकास दोनशे धरलं. रुंदी त्या हिशेबाने बरोबर आली. लांबीला फळी कमी पडली. म्हणून लांबी चारशेने भागली. प्रमाण हे शेवटी प्रमाणच असतं. जहाज जरा गुटगुटीत दिसतं, पण मजबूत वाटतं.

८ जुलै
सुखवंता म्हणाली, खुमेंद्र पोळ्याला सुट्टीवर येऊन राहिला. म्हटलं, येवो. घर त्याच्या आईचंही आहे.

जहाज पोळ्यापर्यंत पूर्ण करायचं ठरवलं. डेडलाइन असली की माणूस शिस्तीत काम करतो. एवढंच कारण.

९ जुलै
समजा तो आला. समजा त्याने टेबलाकडे बघितलं. म्हणेल, बाबा, हे तर माझं जहाज! मी पेपरमधून डोकं वर काढणार नाही. म्हणेन, असेल. मग तो स्वतःहून बोलेल. मग बघू.

हे लिहायला नको होतं. खोडत नाही, कारण खोडलं की पान घाण दिसतं.

१९ जुलै
डिंक वाळत नाही! चार दिवस झड लागली आहे, हवेत पाणी, भिंतीला पाणी, डिंकाला पाणी. डेकवर उभ्या केलेल्या तीन क्रेन सकाळी आडव्या. संतापून फेव्हिकॉलचा डबा फेकला. तो बंद नव्हता. दिवाण बाहेर काढला होता म्हणून वाचला. याला म्हणतात दूरदृष्टी.

जहाजाची केबिन मात्र मागच्या टोकाला झकास बसली. बल्क कॅरियरची केबिन मागेच असते. भैयालाल म्हणाला, मधोमध बरी दिसली असती. त्याला खोलीबाहेर काढलं.

२७ जुलै
सुखवंता दारात उभी राहून म्हणाली, अजी, एक फोन लावा त्याले. इतकं लाकूड कायले घासून राहिले?

सँडपेपरच्या आवाजात ऐकू आलं नाही असं दाखवलं. तिने व्हिडिओ कॉल लावला तेव्हा मी त्याच खोलीत, पाठ करून. तो म्हणाला, बाबा कसे आहेत? ती म्हणाली, आहेत, लाकूड तासून राहिले. तो म्हणाला, बरं, आणि फोन ठेवला. विचारायला काय झालं होतं, काय तासतात म्हणून? एवढी कसली घाई? राग आला. घासता घासता जहाजाचं नाक जास्त घासलं गेलं. ही त्याचीच चूक.

३ ऑगस्ट
जलावतरण. अंगणातल्या सिमेंटच्या टाकीत. नारळ फोडला. जहाज पाण्यात ठेवलं, ते एका अंगावर झोपलं. पुन्हा उभं केलं, पुन्हा झोपलं. भैयालाल भिंतीवरून हसला. त्याला सांगितलं, बोअरचं पाणी जड आहे, समुद्राचं वेगळं असतं. तो म्हणाला, हो का? अशा माणसाशी काय बोलायचं!

संध्याकाळपर्यंत लाकूड फुगलं आणि तळाची फट उघडली. जेवलो नाही. सुखवंताने दोनदा वाढून आणलं, दोन्हीदा ताट परत पाठवलं. तिसऱ्यांदा आणलंच नाही.

११ ऑगस्ट
फट बुजवण्यापुरतं काम बाहेर देत आहे. मोठमोठ्या गोदीतही सुटी कामं बाहेर देतातच. फुलचूरला श्यामलाल सुताराकडे गेलो. तान्हा पोळा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा पोरांचा पोळा, जवळ आला, त्यामुळे त्याच्या अंगणात पोरांच्या लाकडी नंदीबैलांची रांगच रांग. श्यामलालला मान वर करायला फुरसत नव्हती. थोडक्यात सांगितलं: फट बुजव, समोर साखळी ओवायला भोक पाड, आणि हे एका अंगावर पडायला नको, सरळ उभं राहिलं पाहिजे. तो म्हणाला, ठेवून जा साहेब. जास्त समजावत बसलो नाही. तांत्रिक गोष्टी मोजक्या शब्दांत सांगाव्यात.

१९ ऑगस्ट, दुपार
रागात लिहितो आहे म्हणून अक्षर असं.

जहाजाला चाकं लावली! चार! समोरच्या भोकात दोरी! सगळं अंग पांढरंशुभ्र रंगवून पाठीवर लाल झूल काढली, नाकाला गोंडा आणि गळ्यात, म्हणजे जिथे गळा नाही तिथे, घुंगरू! मी ओरडलो तेव्हा श्यामलाल शांतपणे म्हणाला, साहेब, तुमीच त बोललेत का सीधं उभं राह्यला पायजे म्हून. आता ढकला, पडते का?

ढकललं. नाही पडत.

तिथे असलेल्या बायका हसल्या. मी श्यामलालला नाही नाही ते बोललो. मग जहाज पिशवीत घालून आणलं. घुंगरू रस्ताभर वाजत होतं.

२० ऑगस्ट
चाकं काढायला गेलो. श्यामलालने आस आरपार घातलेत. हातोड्याने उरलेल्या क्रेन पडल्या, चाकं तशीच. पांढऱ्यावर काळा रंग मारायला घेतला, तर दोन फटकाऱ्यांनंतर डबा संपला आणि ठिपके ठिपके झाले. हातोडा अंगणात भिरकावला. सगळे मिळून माझं जहाज बुडवायला बसलेत. श्यामलाल, भैयालाल, पाऊस, फेव्हिकॉल. आणि तो, जो परवा येतोय.

२२ ऑगस्ट, पोळा
दुपारी खुमेंद्र आला. वाळलाय. काळा पडलाय. पाया पडला. मी हूं म्हटलं आणि पेपर उघडला. ठरल्याप्रमाणे.

तो टेबलापाशी थांबला. ठरल्याप्रमाणे. मी पेपरमधली तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होतो.

त्याने जहाज उचललं, चाक फिरवून पाहिलं आणि म्हणाला, बाबा, नंदी बढिया हाय. चाकं एकदम सीधे बसले. पण वशिंड मागे काऊन गेलं? अन् शिंगं नाही लावले का अजून? कोणाचा हाय?

दोन वर्षं रोज त्या जहाजावर उठतो-झोपतो हा पोरगा!

तोंडातून निघून गेलं, भैयालालच्या नातवाचा. ठेवायला दिला आहे.

सुखवंता स्वयंपाकघराच्या दारात होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि आत गेली. भांडी आपटली नाहीत. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

खुमेंद्र म्हणाला, मग उद्या ते पोरगं बिनशिंगाचा नंदी नेईल का तान्ह्या पोळ्यात? लाकूड असलं त लावून देऊ, दोघं बसून.

मी म्हटलं, सागवान आहे.

दिवाण नसल्यामुळे खाली बसलो. उजवं शिंग त्याने तासलं, डावं मी. त्याला पटाशी धरता येत नाही. इंजिनवाला म्हणे! तीनदा ओरडावं लागलं त्याच्यावर. तो हसत होता. जेवायला हाक आली तरी उठला नाही.

शिंगं घट्ट बसली आहेत. आता उद्या सकाळी तो उठायच्या आत भैयालालकडे जाऊन त्याच्या नातवाला सांगावं लागेल, की हा तुझा नंदी.