धाकट्याला क्षमा करण्याचा पक्का निश्चय

१ सप्टेंबर, रविवार. दुपारी १२.

आत्ताच चर्चमधून आलो. पाळकसाहेबांचा आजचा उपदेश: ज्याने माफी मागितलेली नाही, ज्याला केल्याचा पश्चात्तापही नाही, त्यालासुद्धा क्षमा करायची. सगळी मंडळी वळून माझ्या नाकाकडे बघत होती. नाक फेब्रुवारीपासून डावीकडे वळलेलं आहे. सख्ख्या धाकट्या भावाने बुक्की मारून मोडलं. आम्ही पिढीजात खाटीक, दोघांचं एकच दुकान. त्याच दुकानात, भर गिऱ्हाइकात, काहीएक कारण नसताना मारलं. तेव्हापासून तो दुकानात नाही, आमचं बोलणं नाही. सॉरी म्हणायचीही दानत नाही.

बावीस तारखेला चर्चचे दोन नवे पंच निवडायचे आहेत. माझं नाव येणारच. पण भावाशी वैर असलेला माणूस पंच कसा शोभेल? तेव्हा बावीसच्या आत धाकट्याला क्षमा. पक्का निश्चय. आजपासून राग बंद.

दुपारी ४.

उद्यापासून. मघाशी कोपऱ्यावर धाकटा दिसला आणि हसला. बहुतेक दुसऱ्या कुणाकडे बघून. तरीपण.

२ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ६.

प्रार्थनेत क्षमा केली. दीड मिनिट लागलं. एकदम हलकं वाटतंय. लोक उगाच बाऊ करतात.

सकाळी ११.

बरगड्या तोडताना सत्तूर ओंडक्यात इतका खोल रुतला की काढायला पाय लावावा लागला. बायकोने विचारलं, कोण आठवलं. कोणी नाही म्हटलं. मग अख्खं डुक्कर आकड्याला टांगायचं होतं. हे दोघांचं काम. धाकटा खालून उचलायचा, मी वरून आकडा अडकवायचो, एकमेकांना सांगावंही लागायचं नाही. एकट्याने केलं. डुक्कर माझ्या अंगावर आलं, मी खाली, ते वर. त्या अवस्थेत धाकट्याबद्दल जे बोललो ते क्षमेत बसत नाही. पण ते मी डुकराला बोललो असं धरायला हरकत नाही.

४ सप्टेंबर, बुधवार.

सापडलं! शास्त्रात स्वतः वाचलं. भाऊ चुकला तर त्याला खडसाव, आणि *जर* त्याला पश्चात्ताप झाला तर क्षमा कर. जर! म्हणजे आधी खडसावणं, मग त्याचं रडणं, मग आपली क्षमा. पानात खूण घालून तडक पाळकसाहेबांकडे गेलो. ते सायकलची चेन बसवत होते. म्हणाले, वचन खरंच आहे. समेटाला दोघं लागतात, एकाने चूक कबूल केल्याशिवाय तो होत नाही. पण मनातला सूड सोडून द्यायला समोरच्याची वाट बघायची नसते. ज्यांनी प्रभूला खिळे ठोकले त्यांनी कुठे सॉरी म्हटलं होतं? हातात हातोडा असतानाच त्यांच्यासाठी क्षमा मागितली गेली.

मी म्हटलं, ते लोक निदान सख्खे भाऊ तरी नव्हते. त्यांनी चेन दातांवर चढवली. मग हळूच विचारलं की नाकाच्या आधी काय झालं होतं. मी म्हटलं लांबलचक गोष्ट आहे, दुकानात गिऱ्हाईक खोळंबलंय. बुधवारी दुपारी आमचं दुकान बंद असतं हे त्यांना ठाऊक आहे, पण चेन पुन्हा निसटल्यामुळे विषय तिथेच राहिला.

७ सप्टेंबर, शनिवार.

पाळकसाहेबांनी विचारलंच आहे, तर इथे नोंद करून ठेवतो. दुसरं कोणी वाचणार नाही.

नाकाच्या आधी एक किरकोळ गोष्ट झाली होती. डुकराचा खांदा कुठून तोडायचा यावर आमचा वाद चालला होता. धाकटा म्हणाला इथून, आणि दाखवायला ओंडक्यावर हात ठेवला. मी म्हटलं इथून नाही, आणि सत्तूर आपटला. फक्त मुद्दा ठासून सांगायला. राग आला होता हे कबूल, पण राग मुद्द्यावर होता. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. अर्धी अर्धीच. आमच्या धंद्यात कुणाचं काही जात नाही? बाबांचा अंगठा नव्हता, त्यांनी कधी कुणाचं नाक मोडलं नाही. शिवाय त्यानंतर लगेच धाकट्याने उजव्या हाताने इतकी जोरदार बुक्की मारली, याचा अर्थ त्याला फारसं लागलं नसणार. हा पुरावाच झाला.

लिहून बरं वाटलं. माझी बाजू इतकी भक्कम आहे हे मलाच माहीत नव्हतं.

८ सप्टेंबर, रविवार. दुपारी २.

चर्चमध्ये साक्ष द्यायची वेळ आली तेव्हा उठलो. लोक आजारातून बरं झाल्याची साक्ष देतात, मी क्षमेची दिली. म्हटलं, देवाच्या कृपेने मी एका माणसाला पूर्ण क्षमा केली आहे. नाव घेतलं नाही. तिसऱ्या रांगेत निळ्या शर्टात बसलेला माझा एकुलता एक भाऊ, एवढंच म्हटलं. मग कशाकशाची क्षमा केली ती यादी वाचली. नाक, उद्धटपणा, लहानपणी माझी सायकल नाल्यात घातली ते, वगैरे. सातव्या मुद्द्याला धाकटा उठून बाहेर गेला. अजून पाच होते.

मागोमाग धावलो. मी रागावलेलो नाही हे त्याला कळायला हवं होतं. फाटकाशी गाठलं. तो म्हणाला, दादा, तुझी क्षमा घे आणि... पुढचं रविवारी लिहिण्यासारखं नाही. त्याने शेवटपर्यंत ऐकावं म्हणून मी नुसती कॉलर धरली. कॉलर माझ्या हातात आली, शर्ट त्याच्याकडे राहिला. त्याने ढकललं. मी कुंड्यांवर. चार कुंड्या फुटल्या, त्यातली एक माझ्या डोक्यावर. मी पडल्या जागेवरून ओरडलो की याचीही क्षमा केली. त्यावर तो परत आला आणि आणखी एक लाथ घालून गेला.

घरी आल्यावर बायकोने कंगवा घेतला. डोक्यातली माती काढताना जरा जोरातच काढली.

११ सप्टेंबर, बुधवार.

तोंडी ऐकत नाही, म्हणून काल क्षमापत्र लिहिलं होतं. चार पानी. त्याच्या कामावर पोचवलं. तो हल्ली आमच्याच रस्त्याच्या टोकाला दुसऱ्या खाटकाकडे नोकरी करतो.

आज दुपारी आमच्या स्वयंपाकघरात खिम्याची पुडी दिसली. बाहेरच्या कागदावर माझं अक्षर. माझंच पत्र, पान दोन आणि तीन! म्हणजे बायको खिमा धाकट्याकडून आणते. खाटकाची बायको दुसऱ्या खाटकाकडून! जाब विचारला. म्हणाली, तिथे गिऱ्हाइकावर कोणी ओरडत नाही. मग रक्ताने भिजलेली ती दोन्ही पानं तिने ओट्यावर पसरून वाचली, आणि म्हणाली की अहो, यात क्षमा शोधायची कुठे? सगळीकडे तू हे केलंस आणि तू ते केलंस. मी म्हटलं क्षमा पान चारवर आहे. पान चारमध्ये कुणाची तरी कलेजी गेली असणार.

१३ सप्टेंबर, शुक्रवार.

राग शरीरात साठतो म्हणे. तो बाहेर काढण्याची शास्त्रशुद्ध सोय केली. कोल्ड रूममध्ये भुशाचं पोतं टांगलं. प्रत्येक ठोशाला मोठ्याने ‘क्षमा’ म्हणायचं. पंचवीसपर्यंत छान गेलं. तिसाव्याला पोत्याला धाकट्याचा चेहरा आला. मग हातात काय आलं ते आठवत नाही. बाहेरच्या गिऱ्हाइकांना आतून धाड धाड आवाज आणि क्षमा, क्षमा असं ओरडणं ऐकू आलं. त्यांना वाटलं आत कोणी तरी माझ्याकडे दयेची भीक मागतंय. पोलीस आला. त्याने दार उघडलं तेव्हा माझ्या हातात सत्तूर होता आणि सगळीकडे भुसा. क्षमेचा सराव चाललाय म्हटलं. त्याने सत्तूर खाली ठेवायला लावला, मगच वहीत लिहून घेतलं.

उजवं मनगट मुरगळलंय. हे डाव्या हाताने लिहितोय. डाव्या हाताने काहीच धड जमत नाही, साधं बटणसुद्धा लागत नाही.

१५ सप्टेंबर, रविवार.

मनगटामुळे चर्चला दांडी. संध्याकाळी पाळकसाहेबच घरी आले. चहा घेता घेता म्हणाले, कुणाला क्षमा करायची ते पुरे झालं, आता तुम्हाला कुणाची क्षमा मागायची आहे का, तेही एकदा बघा. मी म्हटलं, तसं चटकन कोणी आठवत नाही, बघून सांगतो. ते गेल्यावर बायकोला विचारलं. तिने हातातलं काम बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले, खुर्ची ओढून बसली आणि बोलायला सुरुवात केली. इतकी तयारी बघून मला दुकानात काम आठवलं.

१८ सप्टेंबर, बुधवार.

चारच दिवस उरले. आज शेवटचा प्रयत्न. दुपारी त्याच्या दुकानात गेलो. धाकटा खांदा तोडत होता. डाव्या हातात लोखंडी जाळीचा मोजा. मोज्याची दोन बोटं रिकामी, आत दुमडून दोऱ्याने शिवलेली. मांस बोटांनी धरता येत नाही म्हणून तो ते तळहाताच्या मनगटाकडच्या बाजूने दाबून धरत होता, आणि मग तोडत होता. फार सावकाश. पूर्वी आमच्या सगळ्या पंचक्रोशीत त्याच्याइतका भरभर हात कुणाचा नव्हता. मी वजनकाट्याकडे बघायला लागलो. काटा बरोबर आहे ना, ते बघत होतो.

सगळ्यांसमोर म्हटलं, मी तुला क्षमा करतोय, फक्त हो म्हण. तो म्हणाला, नको. मी म्हटलं, नको म्हणायची यात सोय नाही, घ्यावीच लागेल. तो म्हणाला, गिऱ्हाईक आहे, बाजूला हो. त्यावर माझा हात समोरच्या तंगडीवर गेला. डुकराची, मागची, चांगली वजनदार. घेतोस की नाही, असं म्हणत मी ती त्याच्या खांद्यावर घातली. त्याने माझ्या पोटात डोकं घातलं. मी वजनकाट्यासकट काउंटरच्या पलीकडे. तिथून उठून आतड्यांची बादली फेकली, ती मालकाला लागली. मग मालकानेही मारलं. शेवटी पाण्याचा पाइप सोडून मला रस्त्यावर काढलं. माझा एक दात गेला.

पण माझ्या बाजूने क्षमेत कसूर झालेली नाही.

२२ सप्टेंबर, रविवार. दुपारी १.

पंचांची नावं वाचली. माझं नव्हतं. नंतर विचारलं तर कळलं की ते कोणी सुचवलंच नव्हतं.

प्रभुभोजनाची भाकर घ्यायच्या आधी सगळे एकमेकांना शांतीचा हात देतात. मी मान खाली घालून बसलो होतो. धाकटा तिसऱ्या रांगेतून उठून माझ्यापर्यंत आला. त्याचा डोळा बुधवारपासून काळानिळा. हळू आवाजात म्हणाला, दादा, मी तुला फेब्रुवारीतच माफ केलं. दवाखान्यात टाके घालत होते तेव्हा. तू मागशील म्हणून वाट बघत बसलो असतो, तर सडलो असतो.

मी म्हटलं, कशाबद्दल?

जरा मोठ्याने म्हटलं गेलं. पेटी वाजवणारा थांबला. त्याने नुसता हात पुढे केला, डावा. मी धरला. नक्की कुठे धरायचा ते कळेना. बोलायला तोंड उघडलं, तर हात गार आहे तुझा, एवढंच निघालं. हो, तेव्हापासून गारच असतो, म्हणाला, आणि जागेवर जाऊन बसला.

जेवण गेलं नाही. मी त्याची बोटं तोडली. हे वाक्य तीनदा खोडलं, आता ठेवतोय.

निश्चय: उद्या सकाळी त्याच्या घरी जाऊन माफी मागायची. शब्द पाठ केलेत. तीनच आहेत.

२३ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ८.

साडेसहाला त्याच्या दारात होतो. दार त्यानेच उघडलं. कामाला निघायच्या तयारीत होता. मी म्हटलं, कोल्ड रूमची जादा किल्ली तुझ्याकडे राहिली आहे का? तो म्हणाला नाही. विचारलं, अजून काही? मी म्हटलं, नाही, तेवढंच. त्याने क्षणभर वाट बघितली. मग दार लावून घेतलं. आपटलं नाही.

दार बंद झाल्यावर शब्द आले. तिन्ही आले, लागोपाठ आले, बांध फुटल्यासारखे. दाराला कपाळ टेकून सगळं सांगितलं, सत्तुराचं, खांद्याचं, रागाचं, सायकल नाल्यात मीच घातली होती तेही. रडलो. दहा मिनिटं तरी बोलत होतो.

शेवटी दाराशेजारची खिडकी उघडून भावजय म्हणाली की भावोजी, ते मागच्या दाराने केव्हाच कामाला गेले.