गेरूची फुली

बाबा, आज आमच्या दारापुढचा फळ्यांचा ओटा दुरुस्तीला काढला आहे. सागवान जुनं, पण दोन-तीन ठिकाणी उधईनं खाल्लेलं. सुतार तरुण आहे, हाताचा चांगला आहे, पण फळी ठोकून तिचा आवाज काही ऐकत नाही. मला ते बघवेना. शेवटी मीच खाली बसले आणि एकेक फळी ठोकत गेले. पोकळ वाजली की तिच्यावर गेरूची फुली. सुतार हसतो आहे, हसू दे. हे कुठं शिकलीस, असं ह्यांनी विचारलं. बाबांनी शिकवलं, म्हटलं. एवढंच सांगितलं.

तुम्हीही आपल्या दारापुढचा, तुमच्या सुतारकामाचा ओटा असाच दुरुस्तीला काढला होतात. नवं राज्य होऊन दोनेक वर्षं झाली असतील. साखरखेर्ड्याहून मला बघायला पाहुणे येणार होते. झिजलेल्या फळ्या उलटून तुम्ही रंधा मारलात, किडक्या तीन फळ्यांवर फुली केलीत, त्यांतल्या दोन बदलल्यात. तिसरीसाठी धड लाकूड घरात नव्हतं, म्हणून फळी आणायला सकाळीच बीबी गावाला गेलात. जाताना बजावलंत की बाकीच्या फळ्यांना जवसाचं तेल दे, फुलीला मात्र हात लावू नको. जिथं फुली नाही तिथं मी डोळे झाकून पाय ठेवतो, असं तुम्ही नेहमीच म्हणायचात.

तेल दिल्यावर ओटा असा उजळला की काय सांगू. आणि ती लाल फुली ऐन पायरीजवळ. पाहुण्यांची नजर आधी तिच्यावरच जाईल, असं वाटलं. ओल्या फडक्यानं पुसली, वर तेल चोळलं. तुम्ही आलात की सांगणार होते. पण तुम्ही आणि पाहुणे एकदमच दारात आलात.

त्यांना वाट द्यायला तुम्ही बाजूला सरलात, खांद्यावर नवी फळी, आणि फुली पुसलेली ती फळी मोडून तुमचा पाय गुडघ्याच्याही वरपर्यंत आत गेला. हाड मोडल्याचा आवाज अजून कानात आहे. पाहुण्यांतला एक म्हातारा म्हणाला, "सुताराच्याच घरची फळी सडकी, मंग लोकायनं जावं कोनापाशी?"

खाटेवर पडल्या पडल्या तुम्ही म्हणालात, "माह्याच नजरेतून सुटली." हाड बसवणारा येईतो बघण्याचं उरकून घ्या, असंही तुम्हीच सांगितलंत. मग मला जवळ बोलावून हळूच म्हणालात, "लुगडं बदलून ये पोरी. पदराले गेरू लागला तुह्या."

तो पाय पुन्हा सरळ पडला नाही. गावातली दाराच्या चौकटीची, बैलबंडीची कामं कितीतरी दिवस दुसऱ्याकडे जात राहिली. तुम्ही शेवटपर्यंत विषय काढला नाहीत. हा कागदही मी घडी घालून ट्रंकेत तळाशी ठेवणार आहे. तुम्हाला नुसता डागच दिसला असेल, अशी इतकी वर्षं मी मनाची समजूत घातली. ते खोटं आहे बाबा. तुम्हाला सगळं कळलं होतं, आणि तुम्हाला कळलं आहे हे मला तिथंच, खाटेपाशी उभी असतानाच समजलं होतं. तरी मी आत गेले, लुगडं बदललं आणि चहा घेऊन बाहेर आले.