तुमच्या नावानं घेतलेली सुई

अण्णा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली तरी आई अजून तुमचंच ऐकते, याचा मला लई राग येतो. तिच्या काखेत गाठ आलीय. अंबाजोगाईच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सुई घालून तपासू. आई चपला घालायला लागली. "सुई लागली की गाठ पसरती. ह्याचे वडील म्हणायचे." तुमच्या मानेवर गाठ होती तेव्हा हेच म्हणत तुम्ही लेप लावत बसलात आणि मेलात.

आणि नोकरी काय तुमची? साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात, उसाला टोचा मारत फिरायचं. थेंबभर रस यंत्राच्या काचेवर घ्यायचा, यंत्र डोळ्याला लावून गोडी बघायची आणि कुणाचा ऊस आधी तोडायचा ते ठरवायचं. तेलगावचा एक म्हातारा हात जोडून म्हणाला, "सायेब, टोचलेला ऊस लाल पडतो." तुम्ही म्हणालात, "एका थेंबानं फड मरत न्हाई बे. एवढं भ्या वाटतंय तर रस काढून घरीच पी." सगळे हसले. म्हातारा पण हसला, कारण त्याची तोड तुमच्या हातात होती. त्याच्याच नातीवर माझा जीव होता. तिचं लग्न दुसरीकडं ठरलं तेव्हा मी दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं. कारखान्याच्या गेटवर चारचौघांत तुम्ही माझ्या कानाखाली मारलीत. "हा माझा कुणी न्हाई." त्यानंतर मरेपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत. अजून तेलगावला एसटी थांबली की मी खिडकीतून तिला शोधतो. तुम्हाला आवडणार नाही म्हणूनच हे लिहितोय.

मी मोबाइलवर वाचलं होतं की आता कॅन्सरच्या खुणा रक्तात सापडतात. मी बाईंच्या मागं लागलो, "नुसतं रक्त घ्या ना, रक्त द्यायला ती तयार आहे." त्या म्हणाल्या, "रक्ताची तपासणी पुढं कामाला येईल, औषध लागू पडतंय का ते बघायला. पण ही गाठ कसली आहे, ते आधी सुईनंच कळेल." आई दारापर्यंत पोचली होती.

मग मी बोललो. "अण्णा मला म्हणाले होते, सुई घ्यायला पाहिजे होती, चुकलो."

"कवा?"

"दुष्काळात तू जनावरं घेऊन छावणीवर गेलतीस ना, त्या दुपारी."

त्या दुपारी मी विचारलं होतं, पाणी देऊ का. तुम्ही भिंतीकडं तोंड फिरवलंत.

आई परत येऊन बसली. गाठ नाही, सुई नाही, काही विचारलं नाही. नुसतं म्हणाली, "म्हंजे बोलले तुझ्याशी?" मी मान डोलावली. तिनं पदर बाजूला केला आणि सुई घेतली.

रिपोर्ट यायचाय. तिला त्याची फिकीर दिसत नाही. भाकरी थापताना विचारते, "आणखी काय म्हणले?" मी म्हणालो, पाणी मागितलं, मी पाजलं. "मनातून मायाळू होते," ती म्हणाली. मला तवा उचलून फेकावासा वाटला. तुम्हाला माणूस करायचं काम माझ्यावर आलंय, आणि तुम्ही फुकटात चांगले होत चाललात.

हे कुणाला पाठवायचं नाही, म्हणून खरं लिहितो. काल तिनं विचारलंच नव्हतं. मीच होऊन सांगितलं की तुम्ही माझ्या केसांतून हात फिरवला.