भुताला सोमवारी सुट्टी

१० जानेवारी, शनिवार

आज ग्रंथालयात जे झालं ते, क्रमाने:

१. सकाळी अण्णा आले. साखर कारखान्याचे संचालक, ग्रंथालयही त्यांच्याच अखत्यारीत. सोबत वस्तीवरच्या बायका.
२. तक्रार: भयकथा वाचून पोरींनी विहिरीवर जायचं सोडलं. विहिरीत गिऱ्हा आहे, पाण्यात ओढतो, असं सगळ्या एका सुरात सांगतात.
३. अण्णांनी भयकथांच्या कपाटाला कुलूप घातलं. किल्ली खिशात.
४. रुपाली बाकावर वाचत होती. आठवीतली. तिच्या चुलतीने हातातलं पुस्तक ओढून टेबलावर आपटलं. "पाणी आणायचं नसंल तर मुकादमाची गाडी येणारच हाय. जा आईबापापाशी ऊस तोडायला. साळा बी बास आन् पुस्तकं बी बास."
५. रुपाली चुलतीमागून निघून गेली.
६. मी नोंदवही लिहीत राहिले.

११ जानेवारी, रविवार

कारखाना यंदा पेटलाच नाही. ऊस नाही, रस नाही, लॅब केमिस्टला काम नाही. म्हणून ग्रंथालयाचा जादा कार्यभार माझ्याकडे. मी स्वतः गोष्टी वाचत नाही.

पुस्तकाच्या शेवटी कोरा कागद डकवायचा, वाचणाऱ्याने त्यावर मत लिहायचं, त्याशिवाय दुसरं पुस्तक नाही, हा नियम मात्र माझा. नमुना तपासल्याशिवाय पुढे सोडायचा नाही, त्या सवयीतून आला असावा. आज बसून ते कागद वाचले.

परीकथा, कुणा लहानग्याचं अक्षर: "परीला तहान लागत नाही का? पूर्ण पुस्तकात ती एकदापण पाणी पीत नाही."

कुमारांची कादंबरी, वसतिगृहातल्या मुलीची. रुपालीचं अक्षर: "हिला दाराची खोली आहे तरी रडते. बाकी गोष्ट चांगली."

भूतबंगल्याची गोष्ट, पुस्तक कुलपात, पण निसटलेला कागद खणात राहिला होता. शेख चाचा, लॅबमधले मदतनीस, भयकथांचे सर्वांत जुने वाचक: "भूत लवकर आले. थोडे थांबले असते तर जास्त मजा."

भयकथांतलं हिरव्या पुठ्ठ्याचं, रुपालीच्या हातातलं, तेवढं कपाटाबाहेर राहिलं, कारण ते टेबलावर आपटलेलं होतं. अण्णांनी पाहिलं नाही, मी सांगितलं नाही. त्यात विहिरीतल्या गिऱ्ह्याची गोष्ट आहे. एक मुलगी म्हणते विहिरीत काहीतरी आहे, मग सगळं गाव मिळून विहीर उपसतं. खाली रुपालीचं मत: "भूत खरं वाटलं. सगळ्या गावाने पोरीचं ऐकलं ते खोटं वाटलं."

निरीक्षण चांगलं. पण भूत खरं वाटलं, याचंच तर काहीतरी करायला हवं.

१२ जानेवारी, सोमवार

मुली आज विहिरीवर गेल्या. घागरी वाजवत, एकमेकींना ढकलत. भीती ओसरली म्हणायची.

लॅब मीच उघडली. विहिरीच्या मोटारीवरचा दत्ता सोमवारी नारायणगडाला दर्शनाला जातो, त्या दिवशी मोटार चाचांकडे.

१३ जानेवारी, मंगळवार

आज पुन्हा एकही मुलगी नाही. बायका स्वतः आल्या, मला ऐकू जाईल असं बोलत. "शिकलेल्या बाईनं पोरींच्या डोक्यात भुतं भरली."

वस्तीवरचे बोअर आटले. आसपास ओलं म्हणजे कारखान्याची विहीर एवढंच. तिथे भूत असून चालणार नाही. उद्या तपासते.

१४ जानेवारी, बुधवार

दुपारी रुपाली आणि तिच्या दोन मैत्रिणींना विहिरीवर नेलं. दोरीला दिवा बांधून तळापर्यंत सोडला, भिंतीच्या कपारी दाखवल्या. बाटलीत पाणी काढलं. दत्ताने मदत केली, दोरी धरली, संक्रांत म्हणून सगळ्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला. "ग्वाड बोला म्याडम, आन् ह्या भित्र्या भागूबायांना बी सांगा."

ग्रंथालयाच्या फळ्यावर लिहिलं: विहिरीची प्रत्यक्ष तपासणी केली. भूत आढळले नाही. पाण्यात क्षार जास्त, उकळून प्यावे.

रुपालीने फळा वाचला. म्हणाली, "ताई, तुमी चुकीच्या टायमाला आलता. मोटार बंद होती."

म्हटलं, विहीर तीच, वेळेने काय फरक पडतो?

ती गेल्यावर बाकावर तिळगूळ सापडला. घामाने मुठीत विरघळलेला, एक दाणाही न खाल्लेला.

१७ जानेवारी, शनिवार

चुलती दारातूनच ओरडली, "बरं झालं म्याडम, तुमीच लिवलं. आता हिला तोंड ऱ्हायलं न्हाई." रुपाली मागे, रिकामी घागर कमरेवर.

तपासणीचा उपयोग झाला. असं सकाळी लिहिलं होतं. संध्याकाळी खोडते आहे, कारण तिचा चेहरा आठवतो. तो तसा का होता, ते माहीत नाही.

१९ जानेवारी, सोमवार

मुली पुन्हा हसत विहिरीवर. गेल्या सोमवारसारख्या.

म्हणजे भुताला सोमवारी सुट्टी असते.

हे वाक्य लिहिलं आणि हात थांबला. सोमवारी सुट्टी दत्ताला असते.

चाचांना गाठलं. विचारलं, तुम्ही मोटारीवर असता तेव्हा पोरी येतात, एरवी का नाही? चाचा चष्मा पुसत राहिले.

"चाचा, तुम्हाला माहीत आहे."

"मालूम हाय, ताई. कावून बोलू? अण्णांचा मेहुणा हाय तो. माझं पोरगं अण्णांच्या गोदामावर हमाली करतंय."

भूत लवकर आले, थोडे थांबले असते, असं लिहिणारा माणूस.

२० जानेवारी, मंगळवार

मोटारीच्या वेळेला गेले. पंपघराच्या मागे, बाभळीजवळ उभी राहिले.

रांगेत मुली थोड्याच. घरून ढकललेल्या. मोटार मध्येच बंद. दत्ता म्हणाला, व्होल्टेज नाही, नंतर या. रांग पांगली. वीज होती, त्याच लाइनवरचा दिवा माझ्या डोक्यावर जळत होता. एका मुलीला म्हणाला, "तू थांब, तुझी भरून देतो." तिच्या घागरीचा काठ धरला. सोडेना. ती ओढत होती, तो हसत होता.

मी हाक मारली. घागर सुटली. मोटार लगेच सुरू झाली.

"म्याडम, पुन्यांदा भूत बघाया आलता का?"

ती घागर भरून निघाली, तिच्यासोबत मीही.

२२ जानेवारी, गुरुवार

रुपालीला लॅबमध्ये बोलावलं. ती रिकाम्या काचपात्रांकडे बघत बोलली.

"तो मोटार बंद करतो. बाकीच्या जात्यात. मंग एकीलाच थांबीवतो. लई येळ घागर सोडत न्हाई."

पुढचं मी विचारलं नाही.

"गिऱ्हा कुणी काढला?"

"मीच. हिरव्या पुस्तकातनं. सगळ्यांना सांगितलं, आसंच म्हणायचं. दत्ताचं नाव घेतलं तर काकू म्हणल, तूच कावून थांबलीस? भुताचं नाव घेतलं की आसं कुणी इचारत न्हाई."

मग, रागाने नाही, "चांगलं चाललं होतं ताई. तुमी फळ्यावर लिवलं, भूत न्हाई."

तिची अट: नाव कुठेही येता कामा नये. कबूल केलं.

फळा पुसला. आता त्याने काय होणार.

२४ जानेवारी, शनिवार

अण्णांना कचेरीत भेटले. पाहिलं तेवढं सांगितलं.

अण्णा शांत. चहा मागवला. "दत्ता माझा मेहुणा हाय म्हणून न्हाई बोलत. दर सोमवारी गडावर जाणारा माणूस हाय तो. कोण पोरगी म्हणती? नाव सांगा, तिच्या बापाला फोन लावतो."

"नाव सांगणार नाही."

"मग म्याडम, ही तर तुमच्या कपाटातलीच एक गोष्ट झाली की."

शेजारी बसलेले दोघे हसले. निघताना अण्णांनी तब्येतीची चौकशी करावी तसं विचारलं, "तुमचं कंत्राट मार्चपतूर हाय ना?"

२५ जानेवारी, रविवार

विहिरीवर भगत आणला. नारळ, लिंबं, काठाभोवती लाल दोरा. सगळी वस्ती जमली. भगताने तीन वेळा विहिरीत डोकावून सांगितलं, गेला.

अण्णा दोन शब्द बोलले. "म्याडमनी यंत्रानं बघितलं, भगतानं मंत्रानं बघितलं. दोघांचं एकच म्हणणं. आता कुणी पोरगी भूत म्हणली तर ऐकून घेनार न्हाई."

टाळ्या. प्रसाद दत्ताने वाटला.

रुपाली चुलतीच्या शेजारी उभी होती. माझ्याकडे पाहिलं नाही. त्या मुलींकडे हे भूत एवढं एकच होतं, कुणीही न शिकवता स्वतः शोधून काढलेलं. अर्धं मी काढून घेतलं, उरलेलं भगताने.

२७ जानेवारी, मंगळवार

मोटारीच्या वेळेला काठावर उभी राहिले, सगळ्यांना दिसेल अशी. व्होल्टेज शेवटच्या घागरीपर्यंत उत्तम.

दत्ता: "लॅबला काम न्हाई वाटतं."

चार वर्षं रस तपासला, आता माणूस तपासते आहे. पद्धत सोपी: समोर उभं राहायचं. पण रोज राहायला हवं.

२८ जानेवारी, बुधवार

कचेरीतून तोंडी निरोप: लॅबच्या लोकांनी आजपासून हजेरी मोटारीच्या वेळेलाच कचेरीत द्यायची, आणि कामकाज संपेपर्यंत तिथेच बसायचं. लॅबचे लोक म्हणजे मी आणि, सोमवार सोडून, चाचा.

बसले. खिडकीतून विहीर दिसत नाही. मोटारीचा आवाज येतो. मध्येच थांबला.

२९ जानेवारी, गुरुवार

रुपाली आली. काल काय झालं ते तिने सांगितलं नाही. म्हणाली, "मी तोडीला जाते ताई. मंगळवारी गाडी हाय."

"काकूने सांगितलं?"

"न्हाई. मीच म्हणले. काकू तर आता नको म्हणती, पाणी कोण आणंल?"

"पाणी तिथेही आणावं लागेल."

"आणीन की. तिथं आई संगं येती."

परीक्षेचं विचारलं. तिने खांदे उडवले. मग पुस्तक मागितलं, गाडीत वाचायला. मी हिरवं पुढे केलं. तिचं आवडतं, ती ते तिसऱ्यांदा वाचत होती.

"भुताचं नको," म्हणाली.

पहिलीच्या पोरांचं परीकथांचं घेतलं. ते, ज्यात परी पाणी पीत नाही.

"परत कधी देशील?" नियम म्हणून विचारलं. मलाच ऐकवेना.

३० जानेवारी, शुक्रवार

हिरवं पुस्तक आज पूर्ण वाचलं. आयुष्यात पहिली भयकथा. नियमाप्रमाणे मागच्या कागदावर मत लिहिलं, रुपालीच्या खाली:

"यातलं भूत रात्री येतं, एकटं येतं, आणि शेवटी निघून जातं. त्याला नातेवाईक नाहीत. गोष्ट पुरेशी भीतिदायक नाही."

आणि रुपालीचं पुन्हा वाचलं. तिने सगळं तिथेच लिहून ठेवलं होतं. मी चांगलं निरीक्षण म्हणून पान उलटलं होतं.

३१ जानेवारी, शनिवार

तक्रार अण्णांना डावलून थेट कारखान्याच्या अध्यक्षांकडे. दोघं एकाच पॅनेलचे. काही होईल असं वाटत नाही. पण मंगळवारी रुपाली गाडीत चढेल तेव्हा तिला थांब म्हणायला माझ्याकडे एकही कारण नाही. असलंच तर ते अध्यक्षांच्या उत्तरात असेल.

मजकूर चाचांना वाचून दाखवला. सही मागितली नव्हती. ते उठले, नळाखाली हात धरले. नळाला पाणी नाही, हे विसरले होते. कोरडेच हात सदऱ्याला पुसले आणि सही केली. "भूत लई येळ थांबलं, ताई," एवढंच म्हणाले.

नक्कल इथे ठेवते.

मा. अध्यक्ष यांस,

मी स्वतः पाहिले तेवढेच लिहीत आहे. २० जानेवारी रोजी कारखान्याच्या विहिरीवरील मोटार वीज असताना बंद करण्यात आली. रांग पांगल्यावर पंपचालकाने एका मुलीस थांबवून तिची घागर धरून ठेवली. मी हाक मारल्यावर सोडली. मुलींना विहिरीची भीती वाटते ती पुस्तकांमुळे नाही आणि भुतामुळे नाही. मुलीचे नाव या पत्रात नाही. कृपया विचारू नये.

विनंती: मोटार रोज शेख चाचांकडे द्यावी. त्यांची तयारी आहे, सही खाली आहे. तसे होईपर्यंत मोटारीच्या वेळेस मला विहिरीवर उभे राहण्याची परवानगी असावी. भयकथांच्या कपाटाची किल्ली परत मिळावी.

सोमवारी मोटार शेख चाचांकडे असते. मंगळवारी सकाळी ती पुन्हा त्याच माणसाच्या हाती जाईल. तरी सोमवार, २ फेब्रुवारी, संध्याकाळपर्यंत लेखी उत्तर द्यावे, ही विनंती.