ती बोट, ते बोट

१४ नोव्हेंबर
खोकं आलं एकदाचं. आठवडाभर बेल वाजली की हे टीव्ही बंद करून दाराशी. आत पातळ लाकडी पट्ट्या, छोटी मोटर, पितळी पंखा, रिमोट. सगळं जुळवून दोन फुटांची टगबोट होणार, खरीखुरी पाण्यात चालणारी. कारखान्यात नकाशे काढण्यात ह्यांची हयात गेली. निवृत्तीनंतर आज पहिल्यांदा ड्रॉइंग बोर्डावरची धूळ पुसली.
खोक्यावरचं चित्र बघून मी म्हटलं, "काय गोड आहे हो ते बोट!"
"ती बोट, सुनंदा. ते बोट हाताला असतं."
कॉन्व्हेंटच्या सिस्टर्सनी इंग्रजी पक्कं केलं, मराठीतलं ती-ते करायचं राहून गेलं. छत्तीस वर्षं हे काम ह्यांच्याकडे.

२१ नोव्हेंबर
सांगाडा चिकटवला. कपड्यांचे सगळे चिमटे बोटीला लागलेत, टॉवेल खुर्च्यांवर वाळताहेत. इगतपुरीला बाबा रेल्वेच्या जुन्या वेळापत्रकाच्या होड्या करून हौदात सोडायचे. "भुसावळ पॅसेंजर सुटली!" मी फुंकर मारायची. बाबांच्या हाताला शाईचा नि डिंकाचा वास. आज घरात तसाच काहीसा वास आहे.

२४ नोव्हें.
बोटीला रंग निळा की हिरवा? हिरवा. वाद संपला. (निळाच लागणार, माहीत आहे.)

२७ नोव्हेंबर
सुकाणू बसलं. रिमोटवरची दांडी अंगठ्याने सरकवली की सुकाणू वळतं. संध्याकाळी हे रिमोट घेऊन नुसते टेकून बसले होते. अंगठा दांडीवर, काहीच करत नव्हते. टेबलावर बोटीचं सुकाणू थरथरत होतं. पालीची तुटून पडलेली शेपटी हलते ना, तसं.
"सर्व्हो खराब दिलाय," म्हणाले. सर्व्हो म्हणजे सुकाणू हलवणारी मोटर.
मी सुकाणूकडे बघत नव्हते. अंगठ्याकडे…
नाना. नको.

२८ नोव्हेंबर
लिहून टाकते. नाना, माझे मोठे दीर, सटाण्याचे. त्यांचंही उजव्या अंगठ्यापासूनच. स्वस्थ बसले की अंगठा आपला आपण फिरायचा. आम्ही हसायचो, नाना तपकिरीची चिमूट शोधताहेत म्हणून. चार वर्षांनी शर्टाची बटणं जाऊबाई लावायच्या. मग वरणभात चमच्याने, तोही दुसऱ्याच्या हातून. कंपवात. तिथून परतताना एसटीत हे म्हणाले होते, "मला असं झालं तर सुनंदा—" मी खिडकीची काच लावून घेतली.
सर्व्होच असेल. खराब निघतात.

३ डिसेंबर
नवा सर्व्हो आला. तोच प्रकार.
"तू धर बघू."
मी धरला. सुकाणू एकदम स्थिर. हे बोटीवर वाकलेले होते. त्यांनी नीट बघायच्या आत मी अंगठा हलवायला लागले. मुद्दाम. बारीक बारीक.
"माझ्याही हातात थरथरतंय की हो."
"बघ! म्हणजे रिमोटच खराब." रात्री दोन घास जास्त जेवले.
खोटं बोललं की सिस्टर शंभर वेळा लिहून घ्यायच्या. हे कितीदा लिहू?

८ डिसेंबर
दिंडोरीकडे वसंतरावांच्या शेततळ्यावर गेलो. कारखान्यातले ह्यांचे जुने सोबती, आता द्राक्षबाग बघतात. "वहिनी, मागं व्हा, कागद लय निसरडाय." तळ्यात अंथरलेल्या प्लॅस्टिकला ते कागद म्हणतात.
बोट पाण्यात उतरली नि चालू लागली. निळी. मला हौदच दिसला क्षणभर. आणि मग ती नागमोडी जायला लागली. सरळ रेघ नाहीच.
"अरविंदराव, बोटीला काय पाजून आणलं का काय? वाइन चढलीय तिला!"
हे हसले. मी सगळ्यांत मोठ्याने.
मग रिमोटकडे बघत हे स्वतःशीच, अगदी हळू: "बोट थरथरतंय."
थरथरतेय नाही. तंय.
छत्तीस वर्षांत ह्यांचं ती-ते एकदाही चुकलेलं नाही.

९ डिसेंबर
रात्रभर तेवढा एकच शब्द. ह्यांना माहीत आहे. आणि मी खोटं बोलून पाच-सहा दिवस घालवले. त्या दिवसांनी काही बिघडलं असेल तर?
चहाच्या वेळी रिमोट टेबलावर ठेवला, बोट चालू केली. कोणाचाच हात नाही. सुकाणू गप्प. दोघं बघत बसलो.
"त्या दिवशी मी मुद्दाम हलवला अंगठा."
"ठाऊक आहे. तुझा शिलाई मशीनसारखा चालला होता. माझा तसा नाही चालत."
"मग बोलला का नाहीत?"
"तू एवढी मेहनत घेत होतीस!"
म्हणजे ते दोन घासही माझ्यासाठीच. हसलो दोघं. हसू संपलं तेव्हा चहावर साय आली होती.
"नानासारखं चमच्याने…"
"अहो, गप्प बसा."
मीच डॉक्टरांकडे फोन लावला. १६ची वेळ मिळाली.

१६ डिसेंबर
दवाखान्यातल्या बाकावर. हे आत. मला बाहेरच ठेवलं: "तू आलीस तर तूच हलवशील." दार पुरतं लागत नाही, सगळं ऐकू येतंय. डॉक्टर आवाजावरून तरुण.
"काका, जरा चालून दाखवा."
चपला. एक पाय घासतोय का? घरी कधी ऐकलं नव्हतं. की ऐकलं होतं आणि…
"आता बोट नाकाला लावा."
"ती की ते?"
"काय म्हणालात?"
"काही नाही. बाहेर बसलेल्या बाईंना कळेल."
कळलं. एकटीच हसले, समोरच्या आजी बघायला लागल्या.
"बरं. आता दोन्ही हात मांडीवर ठेवा. सैल सोडा. काहीच करू नका."
मी अंगठा वहीवर दाबून धरलाय.